जुवाखालचे तिसरे चाक

ऊसगाडी समोरून आली की नजर आधी मोळ्यांच्या उंचीवर जाते, मग बैलांच्या शिंगांवर. यंत्र म्हणून ती पाहायची तर नजर जुवापाशी आणावी लागते. सांगली जिल्ह्यात इस्लामपूरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी ती तिथे आणली. २०२२च्या जुलै महिन्यात त्यांच्या ‘सारथी’ प्रकल्पाचा फोटो देशभर फिरला. उसाने भरलेली गाडी, पुढे दोन बैल, आणि दोघांच्या मधोमध, जुवाच्या खाली, एक लहानसे चाक. कौतुक झाले ते मुख्यतः भूतदया म्हणून, आणि ते रास्तच होते. पण ही रचना सावकाश, एकेक भाग घेऊन वाचावी अशी आहे, आणि तशी वाचली की तिची गोडी वाढत जाते.

दोनचाकी गाडी म्हणजे आखावर तोललेला तराजू. माल मागे जास्त झाला तर ती उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि जुपण्या बैलांच्या गळ्याला आवळतात. माल पुढे जास्त झाला तर ती धुरजड होते आणि वजन खांद्यावर येते. मोळ्या रचणाऱ्याचे सारे कसब या दोहोंच्या मधली जागा शोधण्यात असते. उलाळ गाडी चढाला धोक्याची, म्हणून जाणता गाडीवान ती जराशी धुरजडच भरतो. जोखीम टळते, तिची किंमत बैलाचा खांदा भरतो.

ही किंमत किती, ते नमुन्यादाखल आकडे धरून पाहता येते. अडीच टन ऊस आहे, त्याचा गुरुत्वमध्य आखाच्या पुढे १५ सेंटीमीटर आहे आणि आखापासून जू ३ मीटरवर आहे, असे समजू. सपाटीवर जुवावर १२५ किलो उभा भार येतो. ओढण्याचे कष्ट त्यात धरलेलेच नाहीत. आता रस्ता विसास एक असा उतरू लागला आणि गुरुत्वमध्य आखाच्या वर दीड मीटर असेल, तर तो आणखी साडेसात सेंटीमीटर पुढे येतो आणि भार १८७ किलोंवर जातो. तेवढ्याच चढाला तो ६२ किलोंवर येतो. म्हणजे फडापासून कारखान्याच्या वजनकाट्यापर्यंत, वाटेच्या चढउताराप्रमाणे, मानेवरचे वजन तिपटीने कमीजास्त होत राहते. बैलाला स्थिर ओझ्याची सवय होऊ शकेल, पण या ओझ्याला स्थैर्यच नाही.

लाकडी चाक आणि लोखंडी धाव जाऊन हवेचे टायर आले, तेव्हा गाडी हलकी चालू लागली. ती हलकी चालते म्हणून तिच्यात माल जास्त भरला जाऊ लागला. ओढण्याचा त्रास प्रत्येक टनामागे घटला, पण खांद्यावरचा उभा भार मालाबरोबर वाढतच गेला. चाकाच्या सुधारणेचा लाभ मालाला मिळाला, मानेपर्यंत तो पोचलाच नाही. बंगळूरच्या आयआयएमचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडीच्या सुधारणेसाठी आयुष्याची कितीतरी वर्षे वेचली. व्यवस्थापनशास्त्रातला एवढा मोठा माणूस जुवाविषयी बोलतो, हे अनेकांना विचित्र वाटले असेल. मला ते फार मोलाचे वाटते. देशातल्या वाहतुकीचा केवढा तरी हिस्सा ज्या मानेवर चालत होता, तिचा हिशेब कुणीतरी मांडायलाच हवा होता.

हा खांदा जवळून पाहावा. जू टेकते तिथले केस गेलेले असतात, कातडी जाड, राखाडी, घट्ट्यासारखी झालेली असते. हंगामाच्या शेवटी कधी तिथे खांदेसूज असते, कधी ओली जखम. सातारा-सांगलीकडे बेंदराच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करतात. गरम पाण्याने खांदा शेकायचा, हळद आणि तूप किंवा तेल लावून तो चोळायचा. वर्षभराच्या भाराची जाण इथल्या शेतकऱ्याला पूर्वीपासूनच आहे. नवे एवढेच की या जाणिवेला एक यांत्रिक जोड मिळाली.

ती जोड कुठे बसवली आहे, याला माझी पहिली दाद. खांद्यावरचा भार कमी करण्याच्या वाटा अनेक. आख पुढे सरकवता येतो, पण मग चढाला गाडी उलाळ होण्याची भीती. गाडी चारचाकी करता येते, पण मग पुढचा आख वळता हवा, गाडी जड होते, पैसा लागतो आणि अरुंद पाणंदीत वळण घेता येत नाही. या विद्यार्थ्यांनी भार जिथे पडतो नेमका तिथेच त्याला जमिनीपर्यंत वाट करून दिली. वजन आखापासून सर्वात लांब टेकवले की थोड्या आधारात काम भागते. अडीच टनांच्या गाडीला सव्वाशे किलो पेलणारे चाक पुरते, ते यामुळेच. गाडीवानाची मूळ गाडी जशीच्या तशी राहते.

दुसरी दाद उंचीच्या जुळवणीला. बैलांच्या उंचीप्रमाणे हा आधार वर-खाली करता येतो. हा बारकावा वरवर किरकोळ दिसतो, पण सगळ्या रचनेचा जीव त्यातच आहे. आधार दोन बोटे आखूड राहिला तर चाक अधांतरी लोंबते आणि भार होता तिथेच राहतो. दोन बोटे लांब झाला तर जू खांद्यावरून उचलले जाते आणि जुपणी गळ्याला लागते. शिवाय एक जोडी खिलार, उंच, दुसरी बुटकी. टायरात हवा कमी असली तरी फरक पडतो. कारखान्याच्या हंगामात बीडकडून आलेला गाडीवान आणि त्याची जोडी वर्षागणिक वेगळी असू शकते, गाडी मात्र तीच. एका मापात बसवलेला आधार यांतल्या निम्म्या जोड्यांना छळ ठरला असता.

साताऱ्याच्या बाजूला फलटणमध्ये तीन चाकांचाच एक प्रयोग आधी झाला होता. निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी यांनी सायकलरिक्षा मुळापासून पुन्हा आखली. अमेरिकेतून १९८१ साली फलटणला आलेला हा अभियंता. पुढे २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सप्टेंबर २००२च्या ‘करंट सायन्स’मध्ये या रिक्षेची मांडणी वाचायला मिळते. लांबी जुनीपेक्षा सुमारे ३० टक्के कमी, गिअर, मागच्या चाकांना ब्रेक, सुधारलेले सस्पेन्शन. शंभर मीटरला सहा ते दहा मीटर चढणाऱ्या रस्त्यावरही दोन प्रवासी घेऊन, खाली न उतरता चालवता यावी, हा तिचा कस. मागच्या चाकांना ब्रेक देण्यात मोठी समज आहे, कारण वजन मागे बसलेले असते आणि रबराची पकडही तिथेच मिळते. तरीही तुलना करायची तर माझा कल इस्लामपूरकडे झुकतो. नवी रिक्षा नव्याने विकत घ्यावी लागते. तिसरे चाक आहे त्या गाडीला जोडता येते, आणि कर्जबाजारी गाडीवानासाठी हा फरक सर्वात मोठा.

तीन चाकांचे वाहन खडबडीत जमिनीवर नेण्याचा जगातला गाजलेला प्रयत्न होंडाचा. १९७० साली अमेरिकेत आलेल्या त्यांच्या तीनचाकीला स्प्रिंगच नव्हती. फुग्यासारखे, कमी हवेचे रुंद टायर हेच तिचे सस्पेन्शन. पुढच्या मॉडेलांना पुढे फोर्क आणि मागे स्विंगआर्म आले. पण अपघात वाढत गेले आणि १९८८ मध्ये तिथली नव्या तीनचाकींची विक्री करारान्वये थांबली. रस्त्याचा धक्का टायरनेच गिळावा, ही मूळ कल्पना मात्र ऊसगाडीच्या कामी येण्याजोगी आहे. फडातली माती ओली असते आणि गाडी सरीवरंब्यातून बाहेर काढावी लागते. सव्वाशे किलो अरुंद टायरवर आले तर तो मातीत रुततो आणि सुटकेऐवजी बैलांवर ओढ वाढवतो. रुंद टायर तिथे तरून जाईल.

टायरने सगळे काम होणार नाही, आणि या रचनेकडे माझी पुढची अपेक्षा इथे आहे. कडक आधारावरचे चाक तीन सेंटीमीटर खड्ड्यात गेले तर जुवाला खाली यायला जागा नसते, खांदा ते धरून असतो. म्हणजे १२५ किलो एकदम मानेवर. चाक बाहेर आले की भार पुन्हा नाहीसा. आधाराला नरम स्प्रिंग असेल, समजा सेंटीमीटरला १० किलो, तर त्याच खड्ड्यात स्प्रिंग तीन सेंटीमीटर उलगडेल आणि मानेवर फक्त ३० किलो येईल. उरलेले ९५ चाकच वाहील.

अशी स्प्रिंग शोधायला लांब जायचे नाही. जुन्या ऑटोरिक्षेचा पुढचा भाग घ्यावा. एकट्या पुढच्या चाकासाठीच घडवलेला हा सांगाडा, त्यात आर्म, गुंडाळी स्प्रिंग आणि शॉकप सगळे तयार. अशा जुळवाजुळवीला सांगली जिल्ह्यात दाखला आहे. कडेगाव तालुक्यात देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिची दखल घेतली आणि पुढच्या महिन्यात लोहार यांना बोलेरो मिळाली.

रिक्षेच्या सांगाड्यात दोन बदल लागतील. हँडल काढून चाक मोकळे फिरू द्यायचे आणि ते खिळीच्या मागे रेंगाळेल असे बसवायचे, म्हणजे बैल वळतील तिकडे ते आपोआप वळेल. कारखान्याच्या आवारात गाडी मागे घेताना हेच चाक उलटे फिरते, तेव्हा त्याला बैलांच्या पायांत न येता पूर्ण घेर मिळेल एवढी जागा ठेवायची. स्प्रिंग नरम असल्याने सव्वाशे किलो पेलायला ती साडेबारा सेंटीमीटर आधीच दाबलेली असावी लागते. तो दाब देण्याचे काम विद्यार्थ्यांनी करून ठेवलेल्या उंचीच्या जुळवणीकडेच सोपवावे; त्यासाठी गाडीला वेगळा पेच लावायची गरज नाही.