जनसुरक्षा विधेयक : एका संहितेचे वाचन

मी साहित्याचा शिक्षक आहे, कायद्याचा पंडित नाही. तरीही 'महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक' या मजकुराविषयी लिहायला बसलो आहे. त्याला निमित्त एका कवितेचे आहे. आमच्या महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकासाठी दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याने कविता आणून दिली. वस्तीतला नळ, पाण्याची रांग, पाडलेली झोपडी असा तिचा विषय. माझे घर पाडणारा कायदा मी मानणार नाही, असा शेवटच्या कडव्याचा आशय. कविता कच्ची होती, पण खोटी नव्हती. दोन दिवसांनी तो पोरगा परत आला आणि खाली मान घालून म्हणाला, "सर, शेवटचं कडवं काढून टाकू का? घरचे म्हणतात, नवा कायदा आलाय." मला त्या क्षणी उत्तर सुचले नाही. हा लेख म्हणजे ते उशिरा दिलेले उत्तर आहे.

हे विधेयक १० जुलै २०२५ रोजी विधानसभेने आणि ११ जुलै २०२५ रोजी विधान परिषदेने संमत केले. विधानसभेत त्याला स्पष्ट विरोध करणारा आमदार एकच निघाला, डहाणूचे विनोद निकोले. नक्षलवाद आता जंगलापुरता उरलेला नाही, आघाडीच्या संघटनांच्या रूपाने तो शहरांत शिरला आहे, ही विधेयकामागची भूमिका. म्हणजे या कायद्याची नजर गडचिरोलीच्या जंगलापेक्षा मुंबई, पुणे, नागपूर यांवर अधिक आहे. शहरात बंदुका घेऊन कोणी हिंडत नाही. शहरात सभा असतात, शाहिरी जलसे असतात, अनियतकालिके असतात, वस्तीतली वाचनालये असतात. तेव्हा कायदा शहरात नेमके काय शोधणार, हा प्रश्न आपल्यासारख्यांनी विचारलाच पाहिजे.

गडचिरोलीत रक्त सांडले आहे, हे मी नाकारत नाही. तिथे आदिवासीही मेले आणि पोलिसही मेले, आणि त्या पोलिसांत आपल्याच वस्त्यांमधून भरती झालेली पोरे होती. हिंसेचे समर्थन करण्यासाठी मी हे लिहीत नाही. सुरुंग पेरणाऱ्याला पकडण्यासाठी १९६७ चा बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा आहे, राज्याचा १९९९ चा मोक्का आहे, फौजदारी कायदा आहेच. प्रश्न असा की, हे सर्व हाताशी असताना या नव्या मजकुराने नवे असे काय सांगितले?

नवे आहे ते त्याच्या व्याख्येत. बेकायदेशीर कृत्य हे हातानेच घडते असे नाही. ते बोललेल्या वा लिहिलेल्या शब्दांनी, खुणांनी, चित्रांनीही घडते, असे ही व्याख्या मानते. सार्वजनिक शांततेला बाधा आणणारे कृत्य तर त्यात येतेच, पण बाधा आणण्याकडे ज्याचा कल आहे तेही येते. आणि प्रस्थापित कायदा व त्याच्या संस्था यांची अवज्ञा करण्यास उत्तेजन देणे, तिचा प्रचार करणे, हेही येते. बंदी घातलेल्या संघटनेच्या सभासदाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि तीन लाखांपर्यंत दंड. सभासद नसून मदत करणाऱ्याला दोन वर्षे आणि दोन लाख. प्रत्यक्ष कृत्याला सात वर्षे आणि पाच लाख. गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र. बंदी घालायची ती सरकारने, आणि तिची छाननी करायची ती सरकारनेच नेमलेल्या सल्लागार मंडळाने.

या व्याख्येतले दोन शब्द मला वाङ्मयाचा वाचक म्हणून अडवतात. पहिला शब्द 'कल'. कृत्य साक्षीदार पाहू शकतो. कल कोणी पाहायचा? कल हा वाचावा लागतो. एखाद्या कवितेचा कल कोणीकडे आहे हे सांगणे हे समीक्षकाचे काम, आणि त्यात समीक्षकांचे कधी एकमत होत नाही. या विधेयकाने ते काम पोलीस अधिकाऱ्याकडे सोपवले आहे. आजवर प्रस्थापित समीक्षकाने आपल्या कवितेला 'आक्रस्ताळी' म्हटले, 'प्रचारकी' म्हटले, तर फार तर पुरस्कार हुकत असे. आता समीक्षकाच्या हाती बेड्या आहेत.

दुसरा शब्द 'प्रस्थापित'. आपल्या चळवळीत हा शब्द शाळकरी पोरालाही कळतो. दलित साहित्याची व्याख्याच मुळी प्रस्थापिताला दिलेल्या नकारावर उभी आहे. १९७२ च्या १५ ऑगस्टला राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख 'साधने'त आला, तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गदारोळ उठला! राष्ट्रध्वजाच्या अपमानाची चर्चा झाली. दलित स्त्रीच्या अपमानाला कायद्यात किंमत काय, हा लेखातला प्रश्न मात्र बाजूला पडला. तो लेख या विधेयकाच्या व्याख्येत बसतो की नाही? मी बसवून पाहिला. बसतो. मग आज तो लेख लिहिणाऱ्या तरुणाने काय करावे?

'शांतता' या शब्दाचाही इतिहास आपल्यापाशी आहे. १९२३ साली सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदे मंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह त्या तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. म्हणजे त्यांनी कायदा मोडला नाही, कायदा अमलात आणला. तरीही गावची शांतता भंगली. अस्पृश्य वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठली आणि सवर्णांनी परतणाऱ्या माणसांना झोडपले. आता सांगा, त्या दिवशी शांतता भंग करण्याकडे कोणाचा कल होता? ओंजळीने पाणी पिणाऱ्याचा, की काठी उचलणाऱ्याचा? आपण म्हणू, काठीवाल्याचा. पण काठी उठली ती पाणी प्याल्यामुळे, असे म्हणणारा अधिकारी तेव्हाही होता आणि आजही असतो. जिथे विषमता हीच शांतता समजली जाते, तिथे आपण नुसते उभे राहिलो तरी शांततेला बाधा येते.

नामांतराचे काय झाले? २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला. मराठवाड्यात वस्त्या जळाल्या त्या ठराव मागणाऱ्यांच्या. आणि शांततेच्या नावाखाली थांबला तोही त्यांचाच ठराव. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. पंधरा वर्षांहून अधिक काळ शांततेची किंमत कोण मोजत होते?

परिषदेने विधेयक संमत केले ती तारीख, ११ जुलै, मला सोडत नाही. १९९७ साली याच तारखेला घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, आणि राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली. जमाव गॅसचा टँकर पेटवणार होता, असे कारण पुढे करण्यात आले. गुंडेवार आयोगाने तो गोळीबार असमर्थनीय ठरवला. २००९ साली सत्र न्यायालयाने गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला दोषी धरले. तारखांचा हा योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही हे मला कळते. पण त्या सकाळी एका अधिकाऱ्याने जमावाचा 'कल' वाचला होता आणि ते वाचन चुकीचे होते, एवढे मात्र सिद्ध झालेले आहे. चार दिवसांनी, १५ जुलैला, शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. चुकीच्या वाचनाच्या हिशेबात तोही मृत्यू धरायला हवा.

आणखी एक उदाहरण. मुंबईतून 'विद्रोही' मासिक काढणारे सुधीर ढवळे यांना जानेवारी २०११ मध्ये वर्ध्याच्या एका साहित्य संमेलनाहून परतताना अटक झाली. घरातली पुस्तके जप्त झाली. २०१४ साली न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. मधले चाळीस महिने तुरुंगात गेले. २०१८ च्या दुसऱ्या खटल्यात पुन्हा अटक झाली आणि जामीन मिळायला जानेवारी २०२५ उजाडला. त्या खटल्याचा निर्णय न्यायालयाचा आहे, मी त्याविषयी बोलत नाही. पण पहिल्या खटल्यातले चाळीस महिने कोणी परत करणार आहे काय? हे सारे नव्या विधेयकाआधीचे, जुन्या कायद्याखालचे आहे. नव्या व्याख्येत तर चुकीच्या वाचनाला अधिक ऐसपैस जागा आहे.

आता आपल्यातल्या एका युक्तिवादाकडे वळतो. संयुक्त समितीने विधेयकात बदल सुचवले आणि ते कडव्या डाव्या विचारसरणीच्या 'किंवा तत्सम' संघटनांपुरते आहे असे केले. त्यावर आपल्यातले काही जण म्हणतात, डाव्यांचे डावे बघून घेतील, आपले त्यांच्याशी कधी जमले? न जमण्याचा इतिहास खरा आहे. पँथर १९७४ साली त्याच वादावर फुटली. परंतु व्याकरणात तत्सम शब्द कोणता हे ठरवायला नियम आहे. या 'तत्सम'ला नियम नाही. आज साम्य डाव्यांशी दिसेल, उद्या भूमिहीनांच्या मोर्चाशी, परवा जयंतीच्या वर्गणीच्या पावतीशी. १९३८ साली मुंबई विधानसभेत औद्योगिक कलह विधेयक आले. संप गुन्हा ठरवणारे ते विधेयकही औद्योगिक शांततेच्या नावानेच आले होते. बाबासाहेबांनी त्याला कडाडून विरोध केला, संपाला गुन्हा ठरवणे म्हणजे कामगाराला गुलाम करणे असे बजावले, आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्षाने कम्युनिस्टांच्या बरोबरीने एक दिवसाचा संप केला. कम्युनिस्टांशी असलेले मतभेद त्यांनी लपवले नाहीत आणि त्या मतभेदांपायी कामगारांचा हक्कही सोडला नाही.

शेवटचा आक्षेप सर्वांत जड आहे. २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतील भाषणात बाबासाहेबांनीच कायदेभंग आणि सत्याग्रह सोडून द्यायला सांगितले होते, असे कोणीही आपल्याला ऐकवील. खरे आहे, सांगितले होते. पण त्या वाक्याला अट आहे : सनदशीर मार्ग खुले असतील तर. सभा, संघटना, लेखन, प्रचार हेच तर ते सनदशीर मार्ग! त्यांच्याच दारावर 'कल' पाहणारा पहारेकरी बसवायचा आणि वर त्याच भाषणाचा दाखला द्यायचा, ही बाबासाहेबांशी अप्रामाणिकता आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या दिवाणी न्यायालयाचा मनाई हुकूम आला, तेव्हा सत्याग्रहाला जमलेल्या हजारोंना त्यांनी थांबवले, तळ्यावर जाऊ दिले नाही, दहा वर्षे दावा लढवला आणि १९३७ साली उच्च न्यायालयात तो जिंकला. त्याच परिषदेत २५ डिसेंबरला मनुस्मृतीही जळाली. हुकूम पाळणारा आणि ग्रंथ जाळणारा माणूस एकच होता. न्यायालयाचा मान आणि अन्यायी संहितेला नकार या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे महाडने दाखवले. या विधेयकाला ते दिसत नाही. त्याच्या दृष्टीने नकार म्हणजे अवज्ञा, आणि अवज्ञा म्हणजे गुन्हा.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. हिंसक कृत्याला शिक्षा द्या. ती कृत्य म्हणून सिद्ध करून द्या. शब्दाचा कल वाचण्याचा अधिकार मात्र राज्याने घेऊ नये. तो वाचकांचा आहे. आणि ज्या समाजाला हजारो वर्षे अक्षर नाकारले गेले, त्याने तर हा अधिकार दुसऱ्याच्या हाती मुळीच देऊ नये. शिक्षकांनी हे विधेयक वर्गात वाचावे, कार्यकर्त्यांनी वस्तीत वाचून दाखवावे, वकील मित्रांनी त्यातले एकेक कलम सोप्या मराठीत मांडावे. न वाचलेल्या कायद्याची भीती दुप्पट असते.

त्या विद्यार्थ्याला मी नंतर बोलावून घेतले. शेवटचे कडवे राहू दे, असे म्हणालो. फक्त तिसऱ्या ओळीत लय मोडते, ती दुरुस्त कर. त्याने ती दुरुस्त केली. कविता भित्तिपत्रकावर लागली, आणि तिच्याखाली, संपादक म्हणून, मी माझे पूर्ण नाव लिहिले.