राजमुद्रेकडून राष्ट्रमुद्रेकडे : स्वतंत्र भारताच्या आरंभीच्या टपाल तिकिटांतील प्रतीकयोजना

राजवट बदलली की नाणी व टपाल तिकिटे बदलतात, असे सामान्यतः मानले जाते. भारताच्या संदर्भात हे विधान तपासून घ्यावे लागते. स्वातंत्र्यानंतरही नित्य वापराच्या तिकिटांवर सहाव्या जॉर्जची छबी कायम होती. तिची जागा घेणारी पुरातत्त्वविषयक मालिका १५ ऑगस्ट १९४९ रोजी आली. मधल्या काळात नव्या राष्ट्राची ओळख सांगण्याचा भार मोजक्या स्मारक तिकिटांवर पडला.

२१ नोव्हेंबर १९४७ रोजी साडेतीन आण्यांचे तिरंग्याचे तिकीट निघाले. त्यावर देवनागरीत ‘जय हिंद’ ही घोषणा आहे. ही घोषणा घुमवणाऱ्या आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर १९४५ मध्ये लाल किल्ल्यात खटला भरला गेला होता. अवघ्या दोन वर्षांत तीच घोषणा सरकारी मुद्रणालयातून, तेही नाशिकच्या, छापून बाहेर पडावी, यात या तिकिटाचे खरे मर्म आहे. तिरंगा परदेशी टपालासाठी, तर १५ डिसेंबरचे दीड आण्याचे अशोकस्तंभशीर्ष देशांतर्गत टपालासाठी होते. जगाला ध्वज आणि स्वकीयांना सम्राट अशोक, अशी ही विभागणी दिसते. त्याच दिवशीच्या बारा आण्यांच्या तिकिटावर विमान आहे. १९३७ च्या मालिकेतही बारा आण्यांना विमानच होते. फरक इतकाच की शेजारचा राजा आता नाहीसा झाला.

१५ ऑगस्ट १९४८ ची गांधीजींवरील चार तिकिटे मात्र अधिक गुंतागुंतीची आहेत. देवनागरी व उर्दू अशा दोन्ही लिप्यांत ‘बापू’ हा शब्द छापून फाळणीनंतरच्या वर्षात हिंदुस्थानीचा आग्रह जपला गेला. आशयदृष्ट्या हे फार मोलाचे. परंतु स्वदेशीच्या या पुरस्कर्त्याची तिकिटे स्वित्झर्लंडमधील कूर्व्होआझिए यांच्याकडे छापली गेली. छपाईची नजाकत निर्विवाद असली, तरी माध्यम आणि आशय यांतील हा विसंवाद नजरेआड करता येत नाही. दहा रुपयांचे सर्वोच्च मूल्य सामान्य पत्रलेखकाच्या आवाक्याबाहेरचे होते, हेही त्यात आलेच. त्यांपैकी १०० तिकिटांवर ‘सर्व्हिस’ ही अक्षरे छापून ती गव्हर्नर जनरलच्या कार्यालयासाठी राखली गेली. संग्राहकांच्या लेखनात या शंभर तिकिटांच्या किमतीची चर्चा पुष्कळ होते. खेड्यातल्या माणसाचा कैवार घेणाऱ्याची छबी सर्वोच्च पदासाठी राखून ठेवण्यातल्या विसंगतीची क्वचितच.