आत्जेची छायाचित्रे आणि स्थलभान

युजेन आत्जे (१८५७–१९२७) याने टिपलेल्या पॅरिसविषयी लिहिताना त्यातील निर्मनुष्य रस्त्यांचा उल्लेख करणे हा आता जवळजवळ संकेतच झाला आहे. १९३१ च्या आपल्या निबंधात वाल्टर बेन्यामिनने या चित्रांसंबंधी गुन्ह्याच्या जागेची उपमा उचलून धरली आणि पुढे अनेकांनी ती स्वीकारली. उपमा आकर्षक खरी. परंतु तिच्यामुळे आत्जेचे खरे सामर्थ्य झाकले जाते. गुन्ह्याची जागा कोणतीही असू शकते. आत्जेची जागा मात्र तीच आणि तेवढीच असते.

रस्ते रिकामे दिसण्याची कारणे बरीचशी व्यावहारिक आहेत. तिवईवरचा अवजड लाकडी कॅमेरा, १८ × २४ सेंटिमीटरच्या काचा, प्रकाशाला द्यावा लागणारा दीर्घ अवधी आणि सकाळची वेळ ही ती होत. शिवाय १९०० च्या सुमारास याच आत्जेने फेरीवाल्यांची आणि रस्त्यावर गाणाऱ्यांचीही चित्रे घेतली होती, हे सोयीस्करपणे विसरले जाते.

१९२५ मधील रू व्हालेतच्या कोपऱ्याचे चित्र पाहावे. पाँतेआँचा प्रसिद्ध घुमट धुक्यात विरघळत चालला आहे. ठसठशीत आहे ती जवळची काळवंडलेली भिंत. शीर्षकातही कोपरा आधी येतो, पाँतेआँ नंतर, आणि शेवटी मार्चची सकाळ. विशेषनाम वक्ता कोठेही उभा असला तरी त्याच स्थळाचा निर्देश करते. 'येथे' या शब्दाचा अर्थ मात्र वक्त्याच्या उभे राहण्यावर ठरतो. घुमट हे पॅरिसचे विशेषनाम होय. आत्जेने त्याला मागे सारून 'येथे' पुढे आणले आहे.

गोब्लाँ मार्गावरील दुकानाच्या चित्रात हे अधिक सूक्ष्मपणे घडते. काचेआड किमतीच्या चिठ्ठ्या लावलेले पुतळे उभे आहेत आणि त्याच काचेवर समोरच्या इमारतीचे प्रतिबिंब पडले आहे. अतिवास्तववाद्यांना अशा पुतळ्यांचे गूढ भावले. परंतु आत आणि समोर या दोहोंच्या मधोमध, पदपथावर, पाहणारा आपोआप उभा केला जातो, हे त्याहून महत्त्वाचे.

आत्जेचे सर्वच काम या तोडीचे नाही. दारांच्या कड्या, जिन्यांचे कठडे यांची त्याची जवळून घेतलेली चित्रे शिल्पकामाच्या अभ्यासकाला उपयुक्त असली, तरी त्यांत स्थळ हरवते. रस्त्याचे नाव व घराचा क्रमांक नोंदवूनही ती कड्यांची आणि कठड्यांचीच चित्रे राहतात.