कुकीविना सत्र-व्यवस्थापन : अध्यापनातील एका मांडणीची चिकित्सा

एचटीटीपी हा प्रोटोकॉल मुळात स्मरणशून्य आहे. सर्व्हरच्या लेखी प्रत्येक विनंती नवीनच असते. मघाशी लॉगिन केलेली व्यक्ती हीच, हे पटविण्यासाठी दरवेळी एखादी ओळखखूण सोबत पाठवावी लागते. १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू मोंटुली यांनी कुकीची योजना केली ती याच गरजेतून. पुढे खासगीपणाच्या चिंतेने अनेकांनी कुकी बंद केल्या आणि कुकीविना सत्र चालविण्याचा प्रश्न पुढे आला.

सर्व्हलेट शिकविताना या संदर्भात चार मार्ग सांगण्याची प्रथा आहे : कुकी, फॉर्ममधील अदृश्य क्षेत्र, यूआरएल पुनर्लेखन आणि एचटीटीपीसेशन. परीक्षेस सोयीची असली तरी ही मांडणी सदोष आहे. एचटीटीपीसेशन हा चौथा मार्ग नव्हेच. ती सर्व्हरवरील माहितीची कोठी होय. तिची किल्ली सामान्यतः जेसेशनआयडी नावाच्या कुकीतूनच ब्राउझरकडे जाते. कुकी नसल्यास ती यूआरएलमधून जाते, पण प्रोग्रामरने प्रत्येक दुवा एन्कोडयूआरएलमधून काढला असेल तरच.

उरलेले तीन मार्ग समान मानणे ही अधिक गंभीर चूक. धाराशिव जिल्ह्यात भूम, परंडा, वाशी, लोहारा अशा तालुक्यांच्या गावी ऑनलाइन अर्ज सेवा केंद्रातील सामायिक संगणकावरून भरले जातात. तेथे यूआरएलमधील सत्रक्रमांक ब्राउझरच्या इतिहासात राहतो, सर्व्हरच्या नोंदवहीत उतरतो आणि पानाची छापील प्रत काढल्यास बहुधा तळटीपेतही उमटतो. अर्जदार पावती म्हणून जो कागद घरी नेतो, त्यावरच त्याच्या खात्याची किल्ली! सत्र संपलेले नसेल तर ती कोणालाही लावता येते. याउलट, हल्लेखोराने स्वतःचा क्रमांक असलेला दुवा आधीच पाठवून ठेवला, तर लॉगिननंतर तेच सत्र त्याच्या हाती पडते. म्हणून लॉगिन होताच क्रमांक बदलणे अनिवार्य ठरते.

अदृश्य क्षेत्र त्या मानाने बरे. टप्प्याटप्प्याच्या अर्जाला ते पुरते; मात्र साध्या दुव्यावर टिचकी मारताच साखळी तुटते. अलीकडे ब्राउझरच्या सेशनस्टोरेजमध्ये टोकन ठेवून ते शीर्षकातून पाठविले जाते. टॅब बंद होताच ते जाते, हा लाभ खरा. पण पानात शिरलेली परकी स्क्रिप्ट ते वाचू शकते. एचटीटीपीओन्ली कुकीला ही बाधा नाही. कुकीवरील रोष वस्तुतः त्रयस्थ जाहिरातदारांच्या कुकींवरचा आहे. सत्र-कुकीला त्याची शिक्षा का?

पीएचपीने ५.३ पासून केवळ कुकी स्वीकारण्याचे धोरण मूलभूत केले आणि २०२४ च्या ८.४ आवृत्तीत यूआरएलमधून सत्रक्रमांक नेण्याची सोय कालबाह्य ठरविली. एएसपी डॉट नेट कोअरमध्येही कुकीविना सत्राची सोय नाही. चार मार्गांची यादी फळ्यावर लिहिण्यापूर्वी प्रात्यक्षिकाच्या तासाला एक प्रयोग करता येतो. कुकी बंद करून लॉगिन करावे, यूआरएल शेजारच्या संगणकावर चिकटवावा. पासवर्ड न विचारता तेच खाते तेथे उघडते.