मासा, नट आणि माहेरवाशीण

वाङ्मयीन त्रैमासिकात मत्स्यालयावर टीकालेख कशासाठी, असे काही वाचक विचारतील. आमचे उत्तर सरळ आहे. कतारगामच्या आपल्या मराठी कुटुंबांत उन्हाळ्याची सुटी हा एकेकाळी ताप्ती लाइनच्या गाडीचा विषय होता. उधन्याला गाडीत बसावे आणि नंदुरबार, अमळनेर वा जळगावला आजोळी उतरावे. आता बहुतेकांचे आजोळच सुरतेत आहे. तेव्हा नातवंडांना घेऊन तापीपलीकडे पालच्या जगदीशचंद्र बोस मत्स्यालयात सुटीतला एक दिवस घालवणे घरोघर चालते. आपली मुले जे इतक्या आवडीने पाहतात, त्याची रचना कोणत्या दृष्टीने झाली आहे, हे तपासणे टीकेच्या कक्षेत यावे, असे आम्हांस वाटते.

प्रथम नावाविषयी. महानगरपालिकेने २०१४ मध्ये खुल्या केलेल्या या माशांच्या घराला वनस्पतींच्या संवेदनांवर संशोधन करणाऱ्या शास्त्रज्ञाचे नाव का, ही शंका अनेकांना येते. योगायोगाने का होईना, तिचे उत्तर साहित्यात सापडते. बोस यांनी १८९६ मध्ये ‘निरुद्देशेर काहिनी’ ही बंगाली कथा लिहिली; पुढे ‘पलातक तुफान’ या नावाने ती सुधारून ‘अव्यक्त’ या संग्रहात आली. कोलकात्यावर येऊ घातलेले चक्रीवादळ एकाएकी नाहीसे होते, आणि अखेर कळते ते असे की, बोटीवरील एका प्रवाशाने केसांना लावायचे तेल खवळलेल्या समुद्रात ओतले होते! बोस यांनी हे विनोदाने लिहिले. सागरी उद्यान नावाचा जो जागतिक प्रकार आहे, तो मात्र हेच काम गंभीर चेहऱ्याने करतो. समुद्र शांत करून, तिकिटाच्या मापात बसवून तो आपल्यापुढे ठेवतो.

हा प्रकार मुळातच नाट्याचा आहे, हे त्याच्या जन्मकथेवरून दिसते. अमेरिकेतील फ्लॉरिडात १९३८ मध्ये सुरू झालेले ‘मरीन स्टुडिओज’ नावाप्रमाणेच चित्रपटांसाठी, पाण्याखालच्या चित्रीकरणासाठी कल्पिलेले होते. त्याच्या संस्थापकांत लिओ टॉल्स्टॉय यांचे नातू इल्या टॉल्स्टॉय होते, हे वाचून आम्ही थबकलो. आजोबांनी माणसाच्या अंतरंगात डोकावण्यात आयुष्य वेचले. नातवाने माशाकडे पाहण्यासाठी टाकीच्या भिंतीला खिडक्या बसवल्या. पुढे १९६४ मध्ये सॅन दिएगो येथे ‘सी वर्ल्ड’ उघडले आणि त्याने किलर व्हेलला रंगमंचावर आणले. तेथील पहिली ‘शामू’ १९७१ मध्ये मेली, पण नाव मेले नाही. तिच्यामागून आलेल्या व्हेलही प्रेक्षकांपुढे शामू म्हणूनच उभ्या राहिल्या. आपल्या संगीत रंगभूमीवरही सिंधूची भूमिका एका नटाकडून दुसऱ्याकडे गेली. परंतु बालगंधर्वांनी ती भूमिका स्वीकारली होती आणि त्यांच्या जाण्याचा शोक महाराष्ट्राने केला. शामूच्या प्रेक्षकाला नट बदलल्याचे कळू नये, अशीच तेथे योजना होती. या नाट्याचा भयंकर अंक २०१० मध्ये घडला. १९८३ मध्ये आइसलँडजवळ पकडलेल्या तिलिकुम या नराने ऑर्लँडो येथे आपल्या प्रशिक्षिकेचा जीव घेतला. २०१३ च्या ‘ब्लॅकफिश’ या माहितीपटाने ती कथा जगापुढे मांडली आणि २०१६ मध्ये सी वर्ल्डला किलर व्हेलची पैदास बंद करीत असल्याचे जाहीर करावे लागले.

हे वारे आपल्याकडेही आले होते. सिंधुदुर्गात मालवण तालुक्यातील तोंडवळी-वायंगणी येथे ‘सी वर्ल्ड’ उभारण्याचा महाराष्ट्र शासनाचा मानस होता. हजाराहून अधिक एकर जमिनीची कल्पना ग्रामस्थांच्या विरोधानंतर साडेतीनशे एकरांवर आली, आणि तरीही प्रकल्प उभा राहिला नाही. ज्या तालुक्याच्या किनाऱ्यावरून डॉल्फिन फुकट दिसतात आणि जेथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तेथेच समुद्राची प्रतिकृती बांधावी, ही कल्पना एखाद्या प्रहसनकारालाही सुचली नसती. दरम्यान मे २०१३ मध्ये केंद्रीय पातळीवरून एक परिपत्रक निघाले आणि डॉल्फिनच्या खेळांसाठीची केंद्रे देशात नाकारण्यात आली. आमची सारी नोकरी परिपत्रके वाचण्यात गेली. डॉल्फिनला मनुष्येतर ‘व्यक्ती’ मानावे, या शास्त्रज्ञांच्या मताचा उल्लेख करणारे सरकारी गद्य आमच्या टेबलावर कधी आले नव्हते.

या पार्श्वभूमीवर पालचे मत्स्यालय पाहावे. येथे कोणी उडी मारून चेंडू झेलत नाही, आणि त्याबद्दल आम्ही रचनाकारांचे ऋणी आहोत. मासा पोहतो, आपण पाहतो. हा साध्या गद्याचा प्रकार आहे. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाचीही शैली अशीच होती. त्याला एक मोठी अनुकूलता होती: बाहेर पडले की रस्त्यापलीकडे खरा समुद्र असे. ते मत्स्यालय काही वर्षांपूर्वी बंद झाले. पालला मात्र बाहेर पडल्यावर इमारती दिसतात, आणि मुलाच्या मनात समुद्र काचेपाशीच संपतो. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईचे पाणी शहरात शिरले तेव्हा ज्यांनी माळ्यावर रात्री काढल्या, त्यांना पाणी काचेच्या आत ठेवणे किती समाधानाचे वाटत असेल, हे आम्ही जाणतो. पण नातवंडांना तो पूर ठाऊक नाही.

आमचा खरा आक्षेप शार्कच्या दुमजली टाकीपाशी आहे. टाकीविषयी नव्हे, तिच्यासमोर आपण मोठी माणसे जे बोलतो त्याविषयी. ‘बघ, खाईल हं!’ हे वाक्य तेथे मराठीत, गुजरातीत, हिंदीत सतत ऐकू येते. नटाची भूमिका गेली आणि खलनायकाची आली, इतकाच बदल. वास्तविक शार्कविषयी दुसरी भाषा याच राज्यात घडली आहे. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर येणाऱ्या महाकाय व्हेल शार्कला मच्छीमार ‘बॅरल’ म्हणत. पकडताना पिंपे बांधत, म्हणून हे नाव. तेलासाठी आणि मांसासाठी तिची मोठी शिकार होई. २००१ मध्ये कायद्याने तिला संरक्षण दिले, पण कायदा किनाऱ्यापर्यंत पोहोचायला शब्द लागला. २००४ मध्ये सुरू झालेल्या मोहिमेत मोरारीबापूंनी तिला ‘व्हाली’ म्हटले, म्हणजे बाळंतपणासाठी माहेरी येणारी लाडकी लेक. माहेरवाशिणीला कोण मारील? ज्यांनी तिला मारले होते, तेच मच्छीमार आपली जाळी कापून तिला सोडू लागले आणि पुढे शेकडो व्हेल शार्क अशा सुटल्या. एका उपमेने इतके काम केल्याचे दुसरे उदाहरण आम्हांस चटकन आठवत नाही. ‘बॅरल’ आणि ‘व्हाली’ यांत प्राणी तोच. पाहणाऱ्याचे नाते तेवढे बदलले. माहेर या शब्दाचा अर्थ आपल्या घरांत समजावून सांगावा लागत नाही. मग शार्कच्या काचेपुढे उभे राहून मुलांना ही गोष्ट सांगायला कोणाची परवानगी हवी?

दिवसाचा दुसरा अर्धा भाग आम्ही डुमसला घालवावा असे सुचवतो. मुलताईला उगम पावून खानदेशातून वाहत आलेली आपली तापी तेथेच, डुमस आणि हजिरा यांच्या मध्ये, समुद्राला मिळते. ओहोटी लागली की काळ्या वाळूच्या पुढे चिखल उघडा पडतो आणि त्यावर निवट्या सरपटताना, उड्या मारताना दिसतात. गुजरातीत त्यांना लेवटा म्हणतात. पाण्याबाहेर येऊन राहणारा हा मासा टाकीत ठेवला तरी त्याचे खरे चरित्र दिसत नाही. त्याला चिखल हवा, ऊन हवे आणि परत येणारी भरती हवी. खंभातच्या आखातातील पाणी झपाट्याने चढते, म्हणून मुलांना चिखलात उतरू देऊ नये, काठावरून पाहावे. निघण्यापूर्वी भरती-ओहोटीची वेळ पंचांगातल्या तिथीवरून काढावी. भरती असली तर निवट्या दिसत नाहीत.