दहा हजार पावलांचा हिशेब

सोलापुरात हुतात्मा बागेच्या किंवा सिद्धेश्वर तलावाच्या बाजूला सकाळी फेरी मारली, तर काही वर्षांपूर्वी न दिसणारे एक दृश्य हमखास दिसते. चालणारी मंडळी मध्येच थांबतात, मनगट वर करतात किंवा खिशातला मोबाइल काढतात, आकडा पाहतात आणि पुन्हा चालू लागतात. आकडा अपुरा राहिला तर घरी परतल्यावर व्हरांड्यात येरझाऱ्या सुरू होतात. शिक्षकांच्या खोलीत ‘आज किती झाले?’ हा प्रश्न एके काळी तपासलेल्या पेपरांविषयी असे, आता तो पावलांविषयी असतो. चालण्याला आमचा अर्थातच विरोध नाही. परंतु या आकड्यांवर जो विश्वास टाकला जातो, त्याची तपासणी व्हायला हवी; आणि ती विज्ञान शिकवणाऱ्यांनी करायची नाही तर कोणी?

प्रथम त्या प्रसिद्ध दहा हजारांविषयी. हा आकडा कोणत्याही प्रयोगशाळेतून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, एका जपानी कंपनीने कमरेला अडकवायचे पावले मोजणारे यंत्र बाजारात आणले. त्याचे नाव होते ‘मान्पो-केई’, म्हणजे ‘दहा हजार पावले मोजणारे’. यंत्राचे नाव पुढे आरोग्याचा नियम बनले! २०१९ साली अमेरिकेत सोळा हजारांहून अधिक वयस्क स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. तीत दिवसाला सुमारे ४४०० पावले चालणाऱ्या स्त्रियांतील मृत्यूचे प्रमाण २७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा बरेच कमी आढळले, आणि सुमारे ७५०० पावलांनंतर हा फायदा वाढायचा थांबला. ही पाहणी वृद्ध स्त्रियांची होती, त्यामुळे ७५०० हा आकडाही सर्वांना लावता येणार नाही. शिवाय पाऊल म्हणजे काही मीटरपट्टी नव्हे. पावलाची लांबी ढोबळमानाने उंचीच्या ०.४१ पट धरतात. त्या हिशेबाने १७० सेंटिमीटर उंचीच्या गुरुजींची दहा हजार पावले सात किलोमीटर भरतील, तर १४० सेंटिमीटर उंचीच्या विद्यार्थ्याची पावणेसहा.

आता हे मोजमाप होते कसे? उपकरणाला पाऊल दिसत नाही, त्याला हलणे जाणवते. आतल्या चकतीवर सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म तुकडा तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेला असतो. उपकरण हलले की तो सरकतो, शेजारच्या पट्ट्यांपासूनचे त्याचे अंतर बदलते आणि त्याबरोबर विद्युतधारिता बदलते. यावरून त्वरण कळते. चालताना या त्वरणाच्या आलेखात ठरावीक लयीत चढउतार येतात. तसे चढउतार दिसले की आज्ञावली ‘एक पाऊल’ अशी नोंद करते. म्हणजे पाऊल हा अनुमानाने काढलेला निष्कर्ष आहे.

या अनुमानाचे परिणाम सोलापूरसारख्या गावात फार बोलके होतात. यंत्रमागावरचा कामगार पाळीभर मागांमधून फिरत असतो. त्याचा मोबाइल कोनाड्यात ठेवलेला असेल, तर त्याची पावले शून्य. विडी वळणारी बाई दिवसभर बसून असते, पण तिचे हात सतत चालू असतात. तिच्या मनगटावर असे घड्याळ बांधले, तर ते त्या हालचाली पावलांत धरील किंवा मुळीच धरणार नाही. दोन्हींपैकी काहीही झाले, तरी तिच्या पाठीवर आणि मानेवर पडणारा ताण त्यात नाही. उद्या एखाद्या शाळेने ‘घरातील प्रत्येकाची पावले लिहून आणा’ असा उत्साही उपक्रम दिला, तर मुलाच्या वहीत नोकरदार वडिलांच्या नावापुढे ‘सक्रिय’ आणि राबणाऱ्या आईच्या नावापुढे ‘निष्क्रिय’ असा शेरा पडू शकतो. हा शेरा आम्हाला मोजमापातील त्रुटीहून गंभीर वाटतो.

‘खर्च झालेल्या कॅलरी’ तर याहून अविश्वसनीय. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली मनगटावरची सात उपकरणे साठ जणांवर तपासली. त्वचेवर प्रकाश टाकून नाडी मोजण्यात सातांपैकी सहा बऱ्यापैकी उतरली, त्यांची चूक पाच टक्क्यांच्या आत होती. परंतु ऊर्जेच्या बाबतीत सर्वांत चांगल्या उपकरणाची चूक २७ टक्के निघाली आणि सर्वांत वाईटाची ९३ टक्के. असा आकडा पाहून ‘आज दोन पुरणपोळ्या चालतील’ असे ठरवणाऱ्याचे काय होत असेल, ते सांगायला नको.

आणखी एक हिरवी खूण धोक्याची आहे. बहुतेक अ‍ॅप उंची आणि वजन विचारून देहभार निर्देशांक काढतात. केटले या बेल्जियन गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकात हे सूत्र लोकसमूहांच्या अभ्यासासाठी मांडले होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपले ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांच्याबरोबरचे छायाचित्र छापले. दोघांचाही निर्देशांक २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून मेदयुक्त अशी आपली भारतीय ठेवण आहे, आणि मधुमेह तिचा फायदा घेतो. १६५ सेंटिमीटर उंची आणि ६५ किलो वजन असणाऱ्याचा निर्देशांक २३.९ येतो. जागतिक मर्यादा २५ धरणारे अ‍ॅप त्याला ‘उत्तम’ म्हणते. आशियाई लोकांसाठी मात्र २३ पासूनच सावध राहण्याचा सल्ला दिला जातो. तो हिरव्या खुणेवर समाधान मानून रक्तशर्करा तपासायची टाळेल, अशी आम्हाला भीती वाटते. शिंप्याच्या टेपने कंबर मोजली (पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा), तर पुष्कळदा जास्त कळते.

मग ही साधने निरुपयोगी का? तसेही नाही. २००७ साली जुन्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा साधे पाऊलमापक वापरणारे दिवसाला सुमारे २५०० पावले अधिक चालत असल्याचे दिसले. उलट २०१६ साली अमेरिकेत ४७१ तरुणांवर दोन वर्षे झालेल्या प्रयोगात, आहार-व्यायामाच्या मार्गदर्शनाला अंगावरच्या उपकरणाची जोड मिळालेल्या गटाचे वजन सरासरी ३.५ किलोने घटले, तर उपकरण नसलेल्यांचे ५.९ किलोने! असे का झाले, यावर वर्गात चांगली चर्चा होऊ शकेल.

शाळेत करण्याजोगा एक प्रयोग सुचवतो. वर्गाला दोन मोबाइल पुरतात. मैदानावर मोठ्याने मोजत २०० पावले चाला. एकदा मोबाइल हातात, एकदा खिशात, एकदा दप्तरात. नंतर खुर्चीवर बसून तोच मोबाइल २०० वेळा हलवा. प्रत्येक कृती पाच वेळा करून सरासरी आणि टक्केवारीतील चूक काढा. जमल्यास पंढरपूरच्या एसटीत बसल्यावर किती ‘पावले’ पडली, तेही लिहून ठेवा. नाडीही मोजणार असाल, तर हा प्रयोग उन्हे चढण्याआधी उरकावा. एप्रिलमध्ये सोलापूरचा पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि उन्हात त्याच वेगाने चालले तरी नाडी जलद पडते. ती वाढ व्यायामाच्या खात्यावर मांडली जायला नको.