लीळाचरित्राच्या गद्यातील पदक्रम

गद्यशैलीची चर्चा मराठीत बहुधा शब्दसंपत्ती आणि वाक्याची लांबी यांपाशीच थांबते. कोणते पद कोठे आले, हा प्रश्न पद्यापुरता मानला जातो. लीळाचरित्राच्या बाबतीत ही उपेक्षा विशेष हानिकारक ठरते. म्हाइंभटांनी सुमारे शके १२०० मध्ये सिद्ध केलेल्या या ग्रंथातील काही लीळा आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर व लोणार येथे घडतात, आणि १९७८ मध्ये त्याची संपादित आवृत्ती सिद्ध करणारे डॉ. वि. भि. कोलते हेही याच जिल्ह्यातील नरवेलचे.

इंग्रजीत नामाचे कार्य मुख्यतः त्याच्या स्थानावरून ठरते. तेथे क्रमभंग हा अपवाद असतो, म्हणूनच तो परिणामकारक होतो. आणि वाक्याचा शेवट हे सामान्यतः जोराचे स्थान असते. जॉन्सनच्या दीर्घ वाक्यांत मुख्य विधान अनेकदा याच कारणाने अखेरपर्यंत रोखून धरलेले आढळते. १८७४ मध्ये सुरू झालेल्या ‘निबंधमाले’पासून मराठी सुशिक्षितांचा कान या धाटणीला सरावला.

मराठीची व्यवस्था मात्र निराळी आहे. विभक्तिप्रत्ययांमुळे पद हलले तरी अन्वय बिघडत नाही. बदलतो तो आघात. ‘राजा काल लोणारला आला’ या वाक्यात भर स्थळावर आहे. ‘काल लोणारला राजा आला’ म्हणताच तो आगंतुकावर जातो. ‘काल राजा आला लोणारला’ येथे येण्याच्या क्रियेला उठाव मिळतो आणि अंत्य पद हलके होऊन स्वर खाली उतरतो. म्हणजे स्वाभाविक उच्चारात मराठीचे जोराचे स्थान क्रियापदाच्या लगत आधी आहे, वाक्यान्ती नव्हे. ‘च’ या अव्ययाने हा जोर अन्यत्र नेता येतो. परंतु ते नसेल तेथे सारा भार क्रमावरच पडतो.

हा भेद न ओळखता लीळाचरित्र वाचले, तर त्याचे गद्य तुटक व अप्रौढ वाटते. वस्तुतः ते ऐकलेल्या आणि स्मरणात जपलेल्या बोलण्याचे गद्य आहे. त्यातील ताण दीर्घ वाक्याच्या अखेरीस साठवलेला नसून लहान लहान वाक्यांत विभागलेला आहे. येणे, बसणे, पुसणे, सांगणे अशी क्रियापदे थोड्या अंतराने येत राहतात आणि त्यांच्या ठेक्यावर प्रसंग पुढे सरकतो. ही वाक्ये जोडून एक प्रौढ वाक्य केले, तर वृत्तान्त उरेल, पण निवेदनाची चाल नाहीशी होईल.

यातून पाठचिकित्सेचा एक प्रश्न उद्भवतो. मूळ प्रत नष्ट झाल्यावर ग्रंथाची पुनर्रचना स्मरणाच्या आधारे झाली आणि त्याचे निरनिराळे पाठ निर्माण झाले, अशी महानुभाव परंपरा आहे. ओवीत यमक आणि चरण शब्दाला जागेवर धरून ठेवतात; गद्याला असा राखणदार नाही. लेखनिकाने दोन पदांची अदलाबदल केली तरी व्याकरण तक्रार करीत नाही आणि अर्थही स्थूलमानाने तोच राहतो. तथापि चक्रधरांनी कशावर जोर दिला, हे मात्र बदलते. आणि जेथे वचनालाच प्रामाण्य आहे, तेथे हा बदल क्षुल्लक म्हणता येत नाही.

अर्थात प्रत्येक क्रमभेद शैलीचा निदर्शक मानणेही युक्त नव्हे; त्यातील काही केवळ हस्तदोष असतील. त्यांचा निवाडा अनेक पोथ्यांच्या तुलनेनेच होऊ शकेल. त्यासाठी शब्दभेदाप्रमाणे क्रमभेदाचीही पाठभेदांत नोंद होणे अगत्याचे आहे.